आधार आधी, निवाडा नंतर

(उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. – संपादक)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर ऊसदर, कंत्राटी कामगार आणि पंचायतीचे अधिकार हे विषय पाहिले, आणि त्यांच्या शेजारी माझ्या भाषणाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मनोविकार असलेले आईबाप, किंवा ज्यांना आपण कालपर्यंत सरसकट मतिमंद म्हणत होतो असे बौद्धिक दिव्यांग आईबाप, यांचा संसार आणि त्यांची मुले हा पक्षाच्या कार्यकर्त्याने विचार करण्याचा विषय आहे काय? हा विषय डॉक्टरांचा, फार तर समाजसेवी संस्थांचा, असा आपला समज असतो. माझाही तसाच होता. तो समज कसा मोडला हे प्रथम सांगतो, कारण दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आपल्या खात्यावरची चूक मांडणे ही आपल्या चळवळीची रीत आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव याच तालुक्यातले. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे काहीही सांगणार नाही. एका बाळंतिणीला सहाव्या आठवड्यात झोप येईनाशी झाली. ती असंबद्ध बोलू लागली, तान्ह्या मुलीला जवळ घेईना, कोणी बाळाला विष घालील म्हणून दुधाचे भांडे ओतून देऊ लागली. प्रथम देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. मग सासरच्यांनी माहेरच्यांना बोलावले आणि बैठक बसली. तडजोड करून देणारा म्हणून मलाही बोलावणे आले. चार शहाण्या माणसांनी मिळून मुद्रांकाच्या कागदावर लिहिले की, भांडीकुंडी व दागिने परत करावेत, मुलगी बापाच्या घरी राहावी, बाईने भावाकडे जावे, आणि पुढे कोणी कोणावर दावा सांगू नये. कज्जा कोर्टात न जाता मिटला म्हणून गावाने आमची वाहवा केली. त्या कागदावर बाईचे नाव होते, तिचा अंगठा होता. तिचे म्हणणे मात्र कोठेच नव्हते. ती माजघरात बसून होती. आतून एकदाच आवाज आला, "पोर नुसती दिसू दे मला, दुसरं काय नको." आम्ही तो आजाराचा आवाज समजलो.

पुढे सोळा-सतरा वर्षांनी एक मुलगी कॉलेजच्या प्रवेशाच्या कागदावर सही घेण्यासाठी माझ्याकडे आली. सही झाल्यावर उठेना. मग म्हणाली, "काका, माझी आई कुठं असती, तुम्हाला ठावं असंल." मला ठाऊक नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले ते असे: माहेरी गेल्यावर भावजयीने त्या बाईला सरकारी दवाखान्यात नेले होते. चार-पाच महिन्यांत ती पूर्ववत झाली. त्यानंतर तिने भावाच्या शेतात काम केले आणि भावाची दोन मुले लहानाची मोठी केली. स्वतःचे मूल सांभाळण्यास जी अपात्र आहे असा निवाडा आम्ही दिला होता, तिने दुसऱ्याची दोन मुले वाढविली होती. मायलेकींची भेट झाली. तिचे वर्णन मी करणार नाही. तो माझा अधिकार नव्हे.

मित्रहो, आमच्या बैठकीत दुष्ट माणूस एकही नव्हता. सगळ्यांच्या मनात त्या तान्ह्या मुलीचे हितच होते. मग चूक कोठे झाली? आम्ही निवाडा आधी दिला आणि आधाराचा विचार केलाच नाही. ही बाई बरी होऊ शकेल काय, होईपर्यंत तिला आणि बाळाला एकत्र कसे सांभाळता येईल, हे प्रश्न आमच्या मनातच आले नाहीत. आजच्या बोलण्याचा सारा आशय एवढाच आहे.

आजार आणि अपंगत्व

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. मनोविकार आणि बौद्धिक अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनोविकार हा आजार आहे. तो येतो, उपचाराने पुष्कळदा जातो किंवा आटोक्यात राहतो, कधी उलटतो. बौद्धिक अपंगत्व हा आजार नव्हे. शिकण्याचा व समजण्याचा वेग जन्मापासून किंवा बालपणापासून कमी असणे ही ती स्थिती आहे. तिला औषध नाही, पण शिक्षण आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख माणसे बौद्धिक अपंगत्वाच्या आणि सुमारे ७ लाख २० हजार माणसे मानसिक आजाराच्या सदरात नोंदली गेली. दुसरा आकडा किती अपुरा आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून दिसते. त्या पाहणीत प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. यांतील पुष्कळ माणसे विवाहित आहेत, कोणाची तरी आईबाप आहेत. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांची नावे आहेत. शासनाच्या योजनांत मात्र 'पालक' म्हणून त्यांचा विचार फारसा दिसत नाही.

बाळंतपणानंतरच्या आजाराविषयी तर विशेष सांगितले पाहिजे. मघाशी वर्णन केलेला तीव्र विकार हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो. वेळेवर उपचार मिळाल्यास त्यातून बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. त्याहून सौम्य, पण कितीतरी अधिक पसरलेला आजार म्हणजे बाळंतपणानंतरचे नैराश्य. भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्रित हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला, तेव्हा ते प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. म्हणजे दर पाच बाळंतिणींत एक. आपल्या घरांतून त्याला आळस म्हणतात, माजोरीपणा म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे हा त्याअन्वये गुन्हा आहे. ज्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी तो कायदा आला, आणि २०१५ मध्ये याच कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या विषयाचा आपल्या चळवळीशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याच विचारातील डाग

"अशा माणसांनी मुले होऊ द्यावीतच कशाला?" हा प्रश्न चावडीवर विचारला जातो, तसाच सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही विचारला जातो. तो नवा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली ती ती मंदबुद्धी आहे असे ठरवून. पुढील संशोधनात ती तशी नव्हतीच असे आढळले; ती गरीब होती आणि अविवाहित माता होती. पण अमेरिकेला नावे ठेवून आपली सुटका होत नाही. ज्या स्वीडनचा दाखला आपण कल्याणकारी समाजवादाचा नमुना म्हणून देत आलो, तेथे १९३४ व १९४१ च्या कायद्यांखाली १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार नसबंद्या झाल्या. त्यांतील कितीतरी दडपणाखाली झाल्या, आणि बहुसंख्य स्त्रियांच्या झाल्या. ते कायदे समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या राजवटीतले होते आणि मिर्दाल दांपत्यासारख्या विद्वानांनी त्या विचाराला पाठबळ दिले होते. समाज सर्वांना पोसणार असेल तर कोणी जन्मावे हेही समाजाने ठरवावे, असा तो तर्क. १९९७ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघड्यावर आणले आणि १९९९ मध्ये स्वीडिश संसदेने नुकसानभरपाई मंजूर केली. माणसाच्या हक्काचा पाया सुटला की कल्याणाची भाषासुद्धा जुलमाला कशी जुंपली जाते, याचा हा धडा आहे.

आपल्याकडे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते; त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळले. आणीबाणीविरुद्ध आपली माणसे तुरुंगात गेली. आणि तरीही १९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांतील काहींची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना स्वच्छता शिकविण्यासाठी पुरेशा सेविका नेमणे हा उपाय होता. त्यासाठी दरमहा पगार लागला असता. शस्त्रक्रिया एकदाच करून भागते. आधाराला पैसा लागतो म्हणून अवयवच काढून टाकावयाचा, हा हिशेब ज्या व्यवस्थेला सुचतो तिचे स्वरूप आपण ओळखले पाहिजे.

न्यायालये आणि कायदे

या अंधारात काही चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. २००९ मध्ये चंडीगढच्या एका शासकीय आश्रयगृहातील अनाथ मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ती सौम्य बौद्धिक अपंग होती, आश्रयगृहातच तिच्यावर बलात्कार होऊन ती गरोदर राहिली होती, आणि तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. तिची संमती हवीच; मातृत्वाचा निर्णय हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे; आणि तिला मदत लागेल, मदतीला खर्च येईल, हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. माता व बालक यांच्या देखभालीची तयारी राष्ट्रीय न्यासाने दर्शविली होती. हक्क आणि आधार यांची सांगड त्या निकालात आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. सरासरीहून कमी बुद्धी असलेल्या सत्तावीस वर्षांच्या स्त्रीचा गर्भपात व्हावा म्हणून तिच्या वडिलांनी अर्ज केला होता. बुद्धी थोडी कमी म्हणून एखादीला आई होण्याचा अधिकारच नाही काय, असे न्यायमूर्तींनी विचारले.

कायद्यांतही पुढचे पाऊल पडले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याचे एकविसावे कलम कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावे. स्त्री मनोरुग्णालयात उपचार घेत असताना तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करावयाचे नाही. बाळाला धोका असल्याचे मानसोपचारतज्ज्ञाचे मत झाले तरच, आणि तेही तात्पुरते, वेगळे करता येते. देखरेखीखाली आईला मुलाला भेटता आले पाहिजे. दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे. आणि सलग तीस दिवसांहून अधिक ताटातूट करावयाची तर प्राधिकरणाची मान्यता लागते. आम्ही मात्र त्या बैठकीत एका दुपारी कायमची ताटातूट केली. पंधरा दिवसांनी कोणी विचारावयास गेले नाही.

परंतु याच ठिकाणी एक मोठी उणीव आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याचे तेविसावे कलम सांगते की, मुलाच्या किंवा आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडता कामा नये. त्या करारानुसार आपण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला. त्याच्या नवव्या कलमात मुलाच्या अपंगत्वामुळे ताटातूट करू नये असे आले. आईबापांच्या अपंगत्वाविषयीचे शब्द मात्र त्यात आलेच नाहीत. चोविसाव्या कलमात अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी व मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देण्याचा उल्लेख आहे, पण तो योजनेत 'असू शकेल' अशा ऐच्छिक भाषेत. हक्क लिहिताना आईबाप वगळले आणि मदत लिहिताना सक्ती वगळली.

विवाहाच्या कायद्याचेही तसेच आहे. महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यांतून काढून टाकले गेले. औषधाने बरा होणारा रोग संसार मोडण्याचे कारण असू नये, हे समाजाने मान्य केले. शेंडा पार्क ज्यांनी पाहिला आहे त्या कोल्हापूरकरांना त्या बदलाचे मोल सांगावयास नको. मनोविकाराचे कलम मात्र तसेच आहे. केवळ निदानाचा शिक्का पुरेसा नाही, आजाराची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले होते. पण वकिलाच्या नोटिशीत 'पत्नी वेडसर आहे' हे वाक्य आजही किती सहजपणे लिहिले जाते, हे आपल्यापैकी वकील मित्रांना विचारा. आणि ज्या घरात ते वाक्य लिहिले गेले, तेथून बहुधा मूलही गेले.

मदतीने काय साधते

आता कोणी म्हणेल, हक्क मान्य. पण व्यवहारात हे जमते काय? जमते. ब्रिटनमध्ये १९४८ साली कॅसल रुग्णालयात आजारी मातेसह तिच्या मुलाला दाखल करून घेण्यास सुरुवात झाली. तो प्रयोग पुढे रूढ झाला. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, २००९ मध्ये माता-बालक कक्ष सुरू झाला. तेथे आईवर उपचार होतात आणि बाळ तिच्याजवळच राहते. त्याला दूध कसे पाजावे, त्याच्याशी कसे बोलावे हे परिचारिका तिला हळूहळू पुन्हा शिकवितात. या उचगावच्या अंगावरून जाणारा महामार्ग थेट त्या बंगळूरला जातो. पण आपला रुग्ण त्या वाटेने जात नाही. त्याला आंबा घाट उतरून रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठावे लागते. सी.पी.आर. मध्ये मानसोपचार विभाग आहे, ही सोय मोठी आहे. पण बाळासह आईला ठेवून घेणारा कक्ष ही आजही आपली मागणीच आहे.

रुग्णालयाहूनही मोठे काम गावात होते. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांकडे गावच्या आरोग्यसेविका ठरावीक वेळी जात. त्या डॉक्टर नव्हत्या. थोडेसे शिक्षण त्यांना दिले होते. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ज्या गटात अशा सेविका गेल्या त्यात २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. दुसऱ्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात हीच पद्धत गावातल्याच साध्या स्त्रियांच्या हातून राबविली गेली. बौद्धिक अपंग पालकांविषयी कॅनडात मॉरिस फेल्डमन यांनी १९८० च्या दशकापासून काम केले. बाळाला अंघोळ घालणे, बाटली उकळणे, ताप ओळखणे ही कामे लहान लहान पायऱ्यांत, चित्रे दाखवून, प्रत्यक्ष घरी जाऊन शिकविली तर असे पालक ती शिकतात आणि शिकलेले टिकवितात, असे त्यांना आढळले. व्याख्यानाने ते शिकत नाहीत. तसे तर आपणही शिकत नाही.

मुलाचे हित

मुलाच्या हिताचा प्रश्न मी टाळणार नाही. काही घरांत मुलाला खरोखरच धोका असतो, आणि तेथे मुलाला सुरक्षित जागी नेलेच पाहिजे. काही घरांत आठ-नऊ वर्षांची मुलगी आईची आई होते. स्वयंपाक करते, गोळ्या देते, शाळा सोडते. या मुलीकडे पाहून डोळ्यांत पाणी आणणे सोपे आहे. पण तिच्यावरचा भार आईने टाकलेला नाही; ज्यांनी उचलावयाचा त्यांनी न उचलल्यामुळे तो तिच्यावर आला आहे. आणि मुलाला आईपासून तोडले की त्याचे दुःख संपते, हेही खरे नाही. पुण्याच्या भार्गवी दवर यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या आईला वेडी ठरवून मनोरुग्णालयात टाकले गेले होते, आणि ते सारे त्यांनी लहानपणी पाहिले. त्या मुलीने मोठी झाल्यावर आपले आयुष्य मनोरुग्णांच्या हक्कांच्या कामाला वाहिले आणि आईच्या नावाने पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला. २०२४ मध्ये त्या गेल्या. आईवर झालेला अन्याय मूल विसरत नाही.

म्हणून मुलाचे हित आणि आईबापांचा हक्क यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चुकीचे आहे. बहुतेक घरांत दोहोंना एकच गोष्ट हवी असते: वेळेवर औषध, दोन वेळचे अन्न आणि हाक मारली तर येणारा माणूस.

हा वर्गाचा प्रश्न आहे

मित्रहो, कोणतेही मूल एकट्या आईबापांनी वाढविलेले नसते. श्रीमंताच्या घरी आईला नैराश्य आले तर स्वयंपाकीण असते, मुलाला सांभाळणारी बाई असते, शिकवणी असते, खासगी डॉक्टर असतो. आणि बाहेर 'बाईसाहेबांची प्रकृती बरी नाही' एवढेच कळते. तिच्या पात्रतेचा निवाडा कोणी करीत नाही, कारण तिचा आधार विकत घेतलेला असतो आणि म्हणून तो कोणाला दिसत नाही. गांधीनगरच्या कापडपेठेत गठ्ठे बांधणाऱ्या किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरणाऱ्या माणसाच्या बायकोला तोच आजार झाला की तिची चौकशी सुरू होते. आजार दोघींचा एकच. शिक्षा मात्र एकीलाच. एकत्र कुटुंब मोडले, पाळणाघर आले नाही, पगारी रजा नाही, आणि अंगणवाडी सेविकेला व आशाताईला आपण कामगार न मानता मानधनावर राबवितो. मग जे घर खचते त्या घरातल्या माणसाच्या डोक्याला दोष देतो. सामाजिक अपुरेपणाचे खापर व्यक्तीच्या बुद्धीवर फोडणे ही भांडवली व्यवस्थेची जुनी रीत आहे, आणि आपण तिला नकळत साथ देतो.

समाजाने ठरविले तर काय होते, याचा पुरावा येथून हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतांशी बायका, मुले आणि वृद्ध होते. हद्दपारी आणि उपासमार भोगून आलेल्या त्या आयांची मने शाबूत आहेत की नाहीत, असा दाखला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही. त्यांना घरे दिली, शाळा व दवाखाना उभा केला, आणि मुलांना आयांजवळ राहू दिले. पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगर उभे राहिले. परक्यांसाठी आधाराची व्यवस्था या मातीवर उभी राहू शकली. आपल्या गावच्या चार घरांसाठी ती का राहू नये?

आपण काय करावे

आता कार्यक्रमाविषयी. मोठ्या मागण्या तीन आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या नवव्या कलमात आईबापांच्या अपंगत्वाचा समावेश झाला पाहिजे. राज्यातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माता-बालक कक्ष झाला पाहिजे. आणि मनोविकारावरची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा न चुकता मिळाली पाहिजेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये जाहीर झाला, आता तरी गोळीसाठी माणसाची एक दिवसाची मजुरी बुडू नये.

पण दिल्ली-मुंबईच्या मागण्या करून घरी जाणे हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे. गावात करता येण्याजोगे पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. तो पैसा बहुधा वर्षाअखेरीस वाटून टाकला जातो. ग्रामसभेत उठून विचारा की, त्यातून एखाद्या आजारी आईच्या घरी दिवसातून दोन तास जाणारी मदतनीस का नेमू नये? मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व या दोहोंचा कायद्यातील दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून देणे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरणे, मूल घरातच राहावे म्हणून बालसंगोपन योजनेची चौकशी करणे, ही कामे लिहिता-वाचता येणारा कोणताही कार्यकर्ता करू शकतो. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. तो क्रमांक शाखेच्या फलकावर लिहून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे: अशा घराची बैठक बसली आणि तुम्हाला बोलावणे आले, तर तीन गोष्टी केल्याशिवाय कागदावर सही करू नका. ज्या व्यक्तीविषयी निर्णय आहे तिला समोर बसवून तिचे म्हणणे ऐका. डॉक्टरला दाखविल्याशिवाय काही ठरवू नका. आणि मुलाला काही दिवस वेगळे ठेवावे लागलेच, तर पुन्हा भेटण्याची तारीख त्याच कागदावर लिहा. एवढे त्या दिवशी मी केले असते तर एका मुलीला आईचा पत्ता विचारीत माझ्या दारी यावे लागले नसते.

शेवटी एक गोष्ट. ज्यांच्या मातृहृदयाचे आपण गोडवे गातो त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन आपल्या हाताने संपविले. एवढ्या मोठ्या मनाच्या वेदनेविषयी बोलण्याची भाषा त्या वेळी आपल्यापाशी नव्हती. पंचाहत्तरहून अधिक वर्षे लोटली. मन दुखावलेला माणूस कमी योग्यतेचा नसतो, आणि कमी शिकू शकणारा माणूस कमी प्रेम करतो असे नाही, हे म्हणण्याचे धैर्य आता तरी आपल्या अंगी यावे. ते धैर्य आधी आपल्या घरात, मग शाखेत आणि मग ग्रामसभेत दिसले पाहिजे. माजघरातून येणारा आवाज ऐकू येईल एवढे जवळ जाऊन बसणे, हे आपले पहिले काम आहे.